बोटीच्या गाड्याची आंघोळ

"आमच्या गाड्याला तांबेरा पडलाय," असं फोनवर एक माणूस म्हणाला आणि मामानं त्याला सरळ कृषी केंद्रात जायला सांगितलं.

मामाचं चुकलं असं मी म्हणणार न्हाय. तांबेरा पडतो तो पिकावर. उसाच्या न्हायतर गव्हाच्या पानावर तांबडे ठिपके, बोट फिरवलं की बोट लाल. आमच्या भागात हा शब्द कानावर आला की माणूस आधी फवारणीचा पंप शोधतो. पण फोनवरचा माणूस चिडला. "ओ पावणं, लोखंडाला तांबेरा पडलाय म्हणतोय मी. बोटीचा गाडा हाय. औषध मारून जातोय व्हय?" मामा म्हणाला, "मग गंज चढलाय म्हणा की." तर तो म्हणतो, "आमच्याकडं गंज म्हणजे दूध तापवायचं भांडं."

तिथनं हे सगळं सुरू झालं. आणि मला हे कधीपासनं कुणाला तरी सांगायचं हाय. शेडवर सगळ्यांना सांगून झालंय, आता ते मला लांबनं येताना बघितलं की कंप्रेसर चालू करत्यात. म्हणून आता तुम्हाला.

आधीच एक सांगून ठेवतो. मी मुलगी हाय. कोल्हापूरकडं पोरी पण 'आलो-गेलो' म्हणत्यात, तेव्हा छापताना कुणी ते दुरुस्त करू नका. हातकणंगल्याच्या बाहेर रस्त्याला लागून मामाची शेड हाय, आयटीआय झाल्यापासनं मी तिथंच. माझं काम काय, तर लोखंडाला रंग लावायच्या आधी जे काय करायचं असतं ते सगळं. रंग मामा मारतो.

लोकांना वाटतं रंगकाम म्हणजे रंग. अहो, रंग म्हणजे लग्नातल्या अक्षता. टाकायला कितीसा वेळ लागतो? मांडव, पाहुणे, याद्या, रुसवेफुगवे हे सगळं आधी. लोखंडाचंही तसंच. आधी तेल-ग्रीस धुवायचं. मग सुटलेला गंज हातोडीनं ठोकून पाडायचा, उरलेला तारेच्या ब्रशनं, मग पॉलिश पेपर, आणि खाचेत लपून बसलेला असतो त्याला ॲसिडचं रिमूव्हर. मग पुसायचं, वाळवायचं, आणि वाळल्यावर लगेच, म्हणजे अगदी लगेच, लाल प्रायमर. कारण उघडं लोखंड हवेत फार वेळ राहिलं की परत लालसर व्हायला लागतं. नजर लागल्यासारखं. मी पहिल्यांदा हे डोळ्यांनी बघितलं तेव्हा जेवायला जायचं विसरलो.

पेठ वडगावचा एक दूधवाला आलता एकदा, दुधाचे कॅन न्यायची ट्रॉली घेऊन. "खरवडत बसू नका, नुसतं मारा." मामानं समजावलं, मी समजावलं. "न्हाय, नुसतं मारा." मारलं. पावसाळा संपल्यावर परत आला. ट्रॉलीवरनं रंग तव्यावरच्या आंबोळीसारखा अख्खा सुटलता, आणि ह्या बाबानं तो पापुद्रा घडी घालून पिशवीतनं पुरावा म्हणून आणलता. "ह्ये तुमचं काम," म्हणाला. मामा म्हणाला, "व्हय, आणि त्याच्या आतल्या बाजूला चिकटलंय ते तुमचं."

बरं, गाडा. नृसिंहवाडीच्या अलीकडं एक गाव हाय, दोन नद्यांच्या बेचक्यात. तिथं गावाची एक बोट हाय पुरासाठी. बोट जड. आणि पाणी दर वेळी वेगळ्याच गल्लीतनं आत येतं, त्यामुळं बोट एका जागी बांधून चालत न्हाय. ती गाड्यावर ठेवायची, ट्रॅक्टरला गाडा जोडायचा, आणि पाणी असंल तिथं न्यायची. गाडा मागं सरकवत पाण्यात घातला की बोट आपोआप तरंगून सुटते. म्हणजे गाडा न्हाय तर बोट असून नसल्यासारखी.

फोनवाला माणूस म्हणजे तिथले महावीरअण्णा. ट्रॅक्टर त्यांचाच, बोट चालवणाऱ्या पोरांचे पुढारी पण तेच. आवाज असा की ट्रॅक्टर चालू असला तरी त्यांचंच ऐकू येतं. नदी चढायच्या आत गाडा पायजे, एवढी एकच अट. ते स्वतः ओढून घेऊन आले, आणि ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर एक म्हातारी बसलेली, मांडीवर पिशवी, हातात छत्री. बायाक्का.

मी गाडा बघायला लागलो. आमच्याकडं खंडेनवमीला अवजारांची पूजा करत्यात, हे सगळ्यांना माहीत हाय. ह्या गावानं काय केलतं, तर दर वर्षी पूजेच्या आधी गाड्याला एक नवीन हात मारायचा. गंजावर. न घासता. प्रेमानं. मी खरवडायच्या पातीनं रंगाचं एक टोक उचललं तर आत निळा, निळ्याच्या आत हिरवा, त्याच्या आत चंदेरी, त्याच्या आत परत निळा, आणि प्रत्येक दोन रंगांच्या मध्ये गंजाचा एक थर. खारी बिस्किट कसं असतं, तसा गाडा. मी म्हणालो, "अण्णा, ह्यात लोखंड कुठं हाय?" अण्णा म्हणाले, "ते शोधायलाच तुझ्याकडं आणलाय."

पण सगळ्यात पुढं, जिथं दांडी हाय, म्हणजे गाड्याची लांब मान जी ट्रॅक्टरला अडकते, तिच्या टोकाला लोखंडाची जाड कडी आणि कडीला दांडीचा जोड. बरोबर त्या जोडावर शेंदूर. शेंदराचा टिळा म्हणत न्हाय मी. ढेकूळ. नारळाएवढं. मारुतीला असतो तसा, चकचकीत, तेलकट, थरावर थर.

"ते सोडून बाकी घासा," बायाक्का पत्र्यावरनं उतरायच्या आधीच म्हणाली.

मामा खाली वाकून बघत होता. "आक्का, सगळा गाडा ह्या जोडावर ओढला जातो. हेच बघायचं न्हाय तर मग काय चाकं मोजू?"

"चाकं बघ की. कोण नको म्हणतंय?"

अण्णांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, म्हणजे त्यांच्या हिशोबानं हळू, अख्ख्या शेडनं ऐकलं. मागच्या मोठ्या पुरात बोट पलीकडच्या गल्लीत गेलती आणि रिकामा गाडा विजेच्या खांबाला साखळीनं बांधलेला. बायाक्का घरातनं बाहेर पडली आणि पाण्यानं तिला ओढलं. हाताला लागली ती ही कडी. बोट परत येईपर्यंत ती कडीला धरून छातीभर पाण्यात उभी होती. तेव्हापासनं दर शनिवारी तेल आणि शेंदूर. "मी जैन माणूस, बस्तीत जातो," अण्णा म्हणाले, "मला शेंदरातलं काय कळतंय? पण तिला अडवायचं धाडस माझ्यात न्हाय."

मग आम्ही दांडी तशीच ठेवून बाकीचा गाडा घ्यायला लागलो. आता हे ऐका. लोखंड चांगलं हाय का न्हाय ते आधी कानाला कळतं. हातोडी हलकी मारायची. चांगलं लोखंड टण्ण करतं आणि तो आवाज थोडा वेळ हवेत राहतो. कुजलेलं नुसतं भद् करतं, ओल्या गोणीवर काठी मारल्यासारखं. मी एका टोकापासनं ठोकत निघालो. भद्. भद्. टण्ण. भद्. एका आडव्या पट्टीवर मारली तर हातोडीच आत गेली. रंगानं आकार धरून ठेवलता, आत पट्टी न्हवतीच. मी त्या भोकातनं पलीकडं उभा असलेला मामा बघितला. ही बोट, ही माणसं, कशावर बसून जात होती, असं मनात आलं.

मामानं दोन पट्ट्या कापून नव्या जोडल्या, एका बाजूचा बार बदलला. आणि प्रत्येक कापलेला तुकडा उचलून तो दांडीकडं बघायचा. त्याचं म्हणणं सोपं होतं. पट्टी बदलता येते. दांडी मुळापासनं घातलेली हाय, ती गेली तर गाडा भंगारात, आणि नवा गाडा नदीच्या आधी होत न्हाय. आणि एवढ्या जाड तेलकट ढेकळाखाली पाणी मुरल्याशिवाय राहणार न्हाय.

"काय असंल आत?" मी विचारलं.

"भुसा," मामा म्हणाला.

त्यानं अण्णांना फोन केला. आतलं बघितल्याशिवाय गाडा सोडणार न्हाय. दुसऱ्या दिवशी अण्णा आले, आणि त्यांच्या मागनं बायाक्का, तीच पिशवी, तीच छत्री.

"खोळ माणसानं काढायची नसती," ती म्हणाली. तुम्हाला माहीत असंल, मारुतीवर वर्षानुवर्षं शेंदूर चढतो आणि कधीतरी एक दिवस ते सगळं कवच आपोआप निखळतं, त्याला खोळ म्हणत्यात. "देव आपणहून सोडतो. घाई करायची न्हाय."

अण्णा म्हणाले, "आक्का, देव सोडंल तवर नदी थांबतीया व्हय?"

"तू गप. तुझा देव येगळा."

"माझा देव येगळा, पण ट्रॅक्टर माझाच हाय की."

मामा मात्र चेष्टा करत न्हवता. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. "आक्का, पाण्यात असताना ही दांडी तुटली तर गाडा माणसांसकट आडवा होईल. तुम्ही जिला धरून उभ्या हुता ती कडी हातात येईल, आणि मागं काय नसंल. मला रात्रीची झोप लागणार न्हाय. आत चांगलं असंल तर मी हात जोडून गाडा सोडतो. नसंल तर न्हाय सोडत."

"आत काय हाय असं वाटतंय तुला?"

मामानं कापलेल्या पट्टीचा एक तुकडा उचलून तिच्यासमोर धरला. तिला कळलं. तिनं छत्री बाजूला ठेवली.

"बघूया मग. पर हात माझा लागंल."

आता शेंदूर ही गंमत न्हाय. खरा जुना शेंदूर म्हणजे शिसं, त्याची धूळ पोटात-छातीत गेलेली वाईट. म्हणून मी आधी सगळं पाण्यानं भिजवलं, खाली प्लास्टिक अंथरलं, तिला मास्क लावला. ग्लोव्ह काही बांगड्यांवरनं चढेना. "बांगड्या काढा की," मी म्हणालो. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी दुसरा मोठा ग्लोव्ह आणला. मग लाकडी हातोडा तिच्या हातात दिला.

ती हळूच मारायची, थांबायची, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायची. मी बाजूला, पाण्याची बाटली घेऊन फवारतोय. मामा मागं हाताची घडी घालून. अण्णा गप्प, ही पण एक नोंद करण्यासारखी गोष्ट.

आणि एकदम आवाज बदलला. कोरडा, पोकळ. एक चीर गेली वरनं खालपर्यंत. बायाक्कानं हातोडा ठेवला, दोन्ही हात लावले, आणि ती खोळ निघाली. तुकडे न होता. दोन वाट्या, नारळाच्या असत्यात तशा.

मी काय बघितलं ते आता सांगतो, आणि मला माहीत हाय मी जास्त बोलतो, पण हे मी कमीच सांगतोय.

आत भुसा न्हवता. आत गंज न्हवता. आत एक पातळ लाल थर लोखंडाला कातडीसारखा चिकटलेला, आणि त्या थराखालनं वेल्डिंग दिसत होतं. चांगल्या हाताचं वेल्डिंग वेणीसारखं दिसतं, एकावर एक पेड पडलेले. ती वेणी जशीच्या तशी होती. प्रत्येक पेड. जोडाच्या कडेला कुणीतरी कानस फिरवलेली, त्या कानशीच्या बारीक रेघा पण होत्या. अख्खा गाडा खारीसारखा झाला, आणि ह्या एका जागेवर जणू वेल्डर आत्ता चष्मा काढून चहा प्यायला गेलाय.

मामा पुढं आला. त्यानं हातोडी उचलली आणि अगदी हलकी मारली.

टण्ण.

आमची शेड पत्र्याची हाय. तो आवाज वर गेला, पत्र्याला लागला, आणि राहिला. बाहेर चहा पिणारे आत बघायला आले. मामानं परत मारली न्हाय. हातोडी ठेवली आणि कडीला हात लावून तो हात कपाळाला लावला. माझा मामा देवळात बाहेर चप्पल सांभाळत उभा राहणारा माणूस हाय.

तरी तो मामाच. "कान फसतो कधीकधी," म्हणाला, "ओढून बघू." गाड्यावर सगळं भंगार लादलं, चाकांना दगड लावले, साखळीनं मागं खांबाला बांधला, पुढं अण्णांचा ट्रॅक्टर. आम्हाला सगळ्यांना लांब उभं केलं. अण्णांनी पहिला गिअर टाकला. साखळी ताणली, ट्रॅक्टरची चाकं जागेवर माती उडवायला लागली, पुढचं तोंड उचलल्यासारखं झालं, आणि दांडी गुणगुणायला लागली. खरंच, बारीक आवाज येत होता तिच्यातनं. बायाक्का माझं मनगट धरून उभी, एवढं घट्ट की नंतर वळ दिसत होते. कडी कशी धरली असंल ते मला तेव्हा कळलं.

जोड हलला न्हाय. मामा खाली झोपून भिंग लावून बघत होता. उठला तेव्हा म्हणाला, "सोडतो."

मग चहा आला, आणि माझ्या डोक्यात भुंगा सुरू झाला. शेंदूर म्हणजे शिशाचा लाल, हे मला ठाऊक होतं. पूर्वी पुलांना, जहाजांना तेलात कालवलेलं हेच मारायचे, गंजाला त्याच्याएवढं भारी दुसरं काही न्हवतं, विषारी म्हणून मागं पडलं. मी विचारलं, "आक्का, तेल कुठलं?" म्हणाली करडईचं, घरच्या करडईचं घाण्यावरनं काढलेलं. करडईचं तेल पातळ लावलं तर वाळून चिवट होतं. म्हणजे ह्या बाईनं दर शनिवारी गाड्याला प्रायमर मारलंय. ठीक. पण नुसत्या प्रायमरनं हे होत न्हाय. पुरातनं निघालेलं लोखंड, चिखल, गंज, त्याच्यावर लावलं असतं तर ते बाकीच्या गाड्यासारखंच झालं असतं. मग?

"आक्का, पहिल्यांदा शेंदूर लावला तेव्हा आधी काय केलतं?"

तिनं बशी खाली ठेवली. प्रश्नच कळला न्हाय असं तोंड. "आंघुळ घातली की."

"आंघोळ म्हणजे?"

"आंघुळ म्हणजे आंघुळ. राख लावून घासली. देवाची भांडी घासतो तशी चिंच लावली, नारळाच्या शेंडीनं घासली. पांढरी फटक झाली. धुतली, पदरानं पुसली, उन्हात ठेवली, आणि वाळल्या वाळल्या शेंदूर लावला." मग माझ्याकडं बघून, थोडी काळजी वाटल्यासारखं, "बिनआंघुळीच्या देवाला शेंदूर लावत्यात व्हय पोरी?"

राखेनं तेल गेलं. चिंचेच्या आंबटानं गंज गेला. पुसलं, वाळवलं, आणि अगदी लगेच लाल. मी रोज करतो ते सगळं, त्याच क्रमानं, एक पायरी न चुकता. आणि तिनं ते काम म्हणून न्हवतं केलं. जिला धरून जीव वाचला ती अंगावर चिखल घेऊन बसलीय, हे तिला बघवलं न्हवतं, एवढंच. मी मामाकडं बघितलं, मामानं माझ्याकडं. अण्णा म्हणाले, "म्हणजे आम्ही एवढी वर्षं गाड्याला नटवत हुतो, आणि आंघोळ एकटीनं घातली."

तो पातळ लाल थर मामानं खरवडला न्हाय. चांगलं चिकटलेलं प्रायमर काढायचं नसतं, हा पण आमच्या कामातला नियमच. कडा घासून मिळवल्या, बाकी गाड्याला आमचं लाल प्रायमर, वर केशरी रंग, आणि जोडाच्या जागी मी टेप लावून तेवढी जागा तशीच राखली. खोळ बायाक्काला वाडीच्या संगमावर सोडायची होती. मी सांगितलं, ह्यात शिसं हाय, माशांना वाईट. "मासं मरत्यात व्हय? मग नको," ती लगेच म्हणाली. तेव्हापासनं ती काचेच्या बंद पेटीत आमच्या शेडवर हाय. आतल्या बाजूला वेल्डिंगच्या वेणीचा ठसा उमटलाय, उलटा. कुणी 'नुसतं मारा' म्हणालं की मामा त्याला पेटीपाशी नेऊन उभा करतो. आणि आता शेडवर तयारीला कुणी तयारी म्हणत न्हाय. "तेजे, गेटची आंघोळ झाली का?" असं विचारत्यात मला. नवीन गिऱ्हाईक दचकतं.

नदी चढली. त्या आठवड्यात मी सारखा फोन बघत होतो. मग अण्णांचा फोटो आला. गाडा, केशरी, चाकं अर्धी पाण्यात, वर बोट न्हाय, म्हणजे बोट पाण्यात सुटलेली आणि परत आलेली, कारण मागं ओट्यावर माणसं बसलेली दिसत होती, घोंगडी-चादरी गुंडाळून, एक शेळी पण. मी फोटो मोठा करून आधी जोडच बघितला, सवयच ती. जोडावर ताजा शेंदूर होता.

मी टाईप केलं, "अण्णा, आज शनिवार कुठं हाय?"

अण्णांनी आवाज पाठवला, मागं पाण्याचा आणि माणसांचा गलका. "खालची गल्ली सगळी काढली बाहेर. शेवटची फेरी झाली, आणि आक्का पाण्यात उतरली की. ऐकतीया कुठं? तांब्या घेऊन. प्यायला दिलेलं पाणी हुतं गं ते, चांगलं, गाळलेलं. गाडा पाण्यात उभा, वरनं पाणी निथळतंय, आणि ही बाई तांब्यानं त्याच्या दांडीवर पाणी घालतीया. मी म्हणलं, आक्का, सगळीकडं पाणीच हाय की, आणि कशाला घालताय? तर म्हणती, ह्ये पुराचं. आंघुळीचं येगळं."